निम्म्या घराला सुई, निम्मं घर तसंच

प्लेग म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? पुण्याचा रँड, चापेकर बंधू आणि रुग्णांची सेवा करता करता 1897 मध्ये गेलेल्या सावित्रीबाई. त्याच वर्षी मुंबईत एक परदेशी शास्त्रज्ञ प्लेगची लस घेऊन उभा होता. लस बनवण्याइतकाच अवघड प्रश्न त्याच्यापुढे होता : ती खरंच काम करते, हे सिद्ध कसं करायचं? या शास्त्रज्ञाचं नाव वाल्देमार हाफकिन. परळची हाफकिन संस्था ती त्यांच्याच नावाची.

हाफकिन यांचा जन्म 15 मार्च 1860 चा, काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात, ज्यू कुटुंबात. कॉलेजात असताना ते झारविरोधी चळवळीत पडले, अटकही झाली. पुढे त्यांचे गुरू मेचनिकॉफ पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले. 1889 मध्ये हेही तिथं पोचले. नोकरी कसली मिळाली? ग्रंथालयात मदतनिसाची! ती सांभाळून त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि 18 जुलै 1892 ला पहिली सुई स्वतःलाच टोचून घेतली. 1893 मध्ये ते भारतात आले.

लसीनं वाचवलं की रानानं?

आता जरा डोकं लावा. समजा एका गावात लस घेतलेले बरेचसे वाचले आणि न घेतलेले बरेच मेले. झाली लस सिद्ध? थांबा. लस घ्यायला पुढं येणारा माणूस कदाचित शिकलेला असेल, खाऊनपिऊन सुखी असेल, त्याचं घर हवेशीर असेल. प्लेग आला की तेव्हा लोक गाव सोडून रानात झोपड्या घालून राहायचे. लस घेणारेच आधी रानात गेले असतील, तर त्यांना लसीनं वाचवलं की रानानं? असं मध्येच लुडबुड करून हिशेब बिघडवणारं जे तिसरं कारण असतं, त्याला आरोग्य संशोधनात ‘कन्फाउंडर’ म्हणतात.

आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या मुलामुलींना हे लगेच कळेल. एक वाण काळ्या भारी जमिनीत पेरलं, दुसरं मुरमाड रानात, आणि पहिल्याला उतारा जास्त आला, तर पहिलं वाण सरस ठरतं का? नाही. दोन्ही सारख्याच जमिनीत पेरा, सारखंच पाणी द्या, मग बोला.

हाफकिन नेमकं हेच माणसांच्या बाबतीत करू पाहत होते. 1894 मध्ये कलकत्त्याच्या कट्टल बागान वस्तीत कॉलरा आला. वस्ती सुमारे 200 माणसांची, त्यातल्या 116 जणांनी लस घेतली. नंतर 10 जणांना कॉलरा झाला, 7 दगावले. हे सगळे लस न घेतलेले. वस्ती एकच, त्यामुळे तुलनेला अर्थ होता.

1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि सरकारनं त्यांना बोलावून घेतलं. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्याशा प्रयोगशाळेत लस तयार झाली. 10 जानेवारी 1897 ला पुन्हा पहिली सुई स्वतःलाच! त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या साधारण निम्म्या कैद्यांनी लस घेतली. भिंती त्याच, जेवण तेच. तरी न घेतलेल्यांत प्लेग बराच जास्त झाला.

पण सगळ्यात चोख प्रयोग झाला तो 1898 मध्ये, बडोदा संस्थानातल्या उंढेरा गावात. तिथं घराघरातल्या माणसांचे दोन भाग केले. प्रत्येक घरातली निम्मी माणसं टोचली, निम्मी तशीच ठेवली. बायका, पुरुष, मुलं दोन्ही बाजूंना सारखी येतील हे पाहिलं. म्हणजे छप्पर एक, चूल एक, उंदीरसुद्धा तेच! पुढे 28 घरांत प्लेग शिरला. त्या घरांतल्या लस घेतलेल्या 71 जणांपैकी 3 मेले. न घेतलेल्या 64 जणांपैकी 26.

हा 26 चा आकडा वाचून पोटात गोळा येतो. ही माणसं ‘तुलनेसाठी’ तशीच ठेवलेली होती. आज असा प्रयोग करायचा तर आधी नैतिक समितीची परवानगी लागते, प्रत्येकाची समजून-उमजून दिलेली संमती लागते. तुरुंगातल्या कैद्याला खरंच नकार देता येत होता का, हाही प्रश्न उरतोच. हाफकिन यांना मोठं म्हणताना हे विसरायचं नाही.

19 मृत्यू, एक बाटली

30 ऑक्टोबर 1902. पंजाबातल्या मुल्कोवाल गावात 107 जणांना प्लेगची लस टोचली. काही दिवसांतच 19 जण धनुर्वातानं गेले. लस मुंबईत बनलेली, बनवण्याची पद्धतही नुकतीच बदललेली. मग दोष कुणाचा? हाफकिनचा! त्यांना प्रयोगशाळेच्या प्रमुखपदावरून दूर केलं गेलं.

पण तुलना नीट करा. मेलेले 19 जण एकाच बाटलीतून टोचलेले होते. दुसऱ्या बाटल्यांतून टोचलेल्या 88 जणांना धनुर्वात झाला नाही. ती बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. शिवाय उघडताना बाटलीला घाण वास नव्हता. धनुर्वाताचे जंतू आत आधीपासून वाढलेले असते, तर तो आला असता. म्हणजे खोट मुंबईत नव्हती, गावात बाटली उघडताना झाली होती. मलेरियावाल्या रोनाल्ड रॉस यांच्यासह काही शास्त्रज्ञांनी 1907 मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये हे मांडलं, तेव्हा कुठे डाग पुसला. पाच वर्षं गेली होती.

हाफकिन परत भारतात आले, पण कलकत्त्याला. परळची प्रयोगशाळा त्यांना पुन्हा मिळाली नाही. 1925 मध्ये तिला त्यांचं नाव दिलं गेलं. 26 ऑक्टोबर 1930 ला स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात ते वारले.

आता तुमच्या फोनवर ‘अमुक काढा पिणाऱ्यांना तमुक आजार होत नाही’ असा मेसेज येईल, तेव्हा पुढे ढकलण्याआधी एवढंच विचारा : पिणारे आणि न पिणारे बाकी सगळ्या बाबतीत सारखे होते का? वय, पैसा, खाणं, घर? उत्तर मिळालं नाही, तर मेसेज तिथंच थांबवा.