चरित्रमाला : कांदोळीचे पाद्रीबाब आबे फारिया

॥ श्री गुरवे नमः ॥



चरित्रमालेत आजवर आपण बहुतेक संतांची चरित्रं वाचली. या खेपेला एका ख्रिस्ती पाद्रीबाबांचं चरित्र देत आहोत. काहींना वाटेल, हे आपल्या पत्रात कशाला? आधी वाचा, मग ठरवा.

पणजीला मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाच्या बाजूला एक पुतळा आहे. झगा घातलेला माणूस हात पसरून उभा आणि समोर एक बाई मागे कलंडलेली. नवख्याला वाटतं, हा तिचा गळा धरायला निघालाय. खरं तर ती झोपेत चाललीय. गोव्याचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी केलेला हा पुतळा १९४५ साली उभा राहिला. तो माणूस म्हणजे जुझे कुस्तोदियो द फारिया. जग त्यांना आबे फारिया म्हणून ओळखतं. आबे म्हणजे फ्रेंचमध्ये पाद्री.

त्यांचा जन्म मे १७५६ मध्ये बार्देशातल्या कांदोळी गावी, आईच्या माहेरी झाला. वडील कायतान व्हितोरिन कोलवाळचे. म्हणजे आपल्याकडून अस्नोड्याला उतरून थिवी ओलांडली की लागतं तेच कोलवाळ. घराणं मूळचं शेणव्यांचं, पुढे ख्रिस्ती झालेलं.

घरात मात्र सुख नव्हतं. वडिलांनी लग्नाआधी पाद्री होण्याचं शिक्षण अर्ध्यावर सोडलेलं. नवरा-बायकोचं पटेना, तेव्हा धर्मपीठाची परवानगी काढून दोघं वेगळी झाली. वडील पाद्री झाले, आई जुन्या गोव्यात सांता मोनिकाच्या मठात जोगीण होऊन राहिली. पोर वडिलांकडे. १७७१ च्या फेब्रुवारीत बापलेक गोव्याहून जहाजात बसले आणि नोव्हेंबरात लिस्बनला उतरले. मुलाला तेव्हा पंधरावं वर्ष चालू होतं. आई गेली मठात, गाव सुटलं, भाषा परकी, हवा परकी. आजच्या भाषेत ताण म्हणतात तो या मुलाने किती सोसला असेल, याचा विचार चरित्रं लिहिणारे फारसा करत नाहीत. आपण करावा.

लिस्बनहून त्यांना शिकायला रोमला पाठवलं. १७८० साली ते पाद्री झाले, धर्मशास्त्रात डॉक्टर झाले. मग ती गोष्ट घडली जी गोव्यात घरोघर सांगतात. रोमला की लिस्बनला, यावर सांगणाऱ्यांचं एकमत नाही, पण गोष्ट एकच. मोठमोठ्या लोकांपुढे तरुण फारिया प्रवचनाला उभे राहिले आणि पार गारठले. घसा सुकला, पाठ केलेलं सगळं गेलं, शब्द फुटेना. मागे वडील उभे होते. ते हळूच कोंकणीत बोलले. समोर बसलेत ती सगळी पालेभाजी आहे असं समज आणि काप, अशा अर्थाचं काहीतरी. तेवढं कानावर पडलं आणि मुलाची वाचा सुटली, प्रवचन धबधब्यासारखं सुरू झालं.

ही गोष्ट आपण हसून सोडून देतो. पण बघा, बापाने काय काय केलं नाही. घाबरतोस काय म्हणून डाफरले नाहीत. अमक्याचा मुलगा बघ कसा बोलतो, असं सांगितलं नाही. त्याला बाजूला सारून स्वतः बोलायला पुढे झाले नाहीत. घरच्या भाषेत, स्वयंपाकघरातलं एक साधं चित्र त्याच्यापुढे ठेवलं आणि गप्प राहिले. बाकीचं मुलाने स्वतःच केलं. फारियांना स्वतःला पुढे आयुष्यभर हाच प्रश्न पुरला. एका शब्दाने माणसाच्या आत असं काय होतं?

१७८७ मध्ये गोव्यात पिंटोंचं बंड झालं. एतद्देशीय पाद्रींना डावललं जात होतं, त्यातून ते उठलं. बंड फसलं, कित्येकांना क्रूरपणे मारलं गेलं. लिस्बनमध्ये या बापलेकांवरही संशय आला. १७८८ च्या सुमारास धाकटे फारिया पॅरिसला निघून गेले. पुढच्याच वर्षी तिथे राज्यक्रांती झाली, तिच्या धामधुमीतही ते होते. मधली वर्षं पटकन ओलांडू. १८११ मध्ये ते नीम शहरात तत्त्वज्ञान शिकवत होते. १८१३ साली पॅरिसला परतून त्यांनी क्लिशी रस्त्यावर जाहीर व्याख्यानं सुरू केली. वय सत्तावन्न.

तेव्हा युरोपात मेस्मर नावाच्या वैद्याच्या मताचा बोलबाला होता. त्याचं म्हणणं, उपचार करणाऱ्याच्या अंगातून एक अदृश्य द्रव निघतो, लोहचुंबकासारखा, आणि त्याने रोगी बरा होतो. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या समितीने असा द्रव नाही, असा निकाल दिला होता. बेंजामिन फ्रँकलिन त्या समितीत होते. तरीही हात फिरवून बरं करणाऱ्यांचं दुकान चालूच होतं.

फारियांनी काय केलं? माणसाला खुर्चीत स्वस्थ बसवायचं, डोळे मिटायला सांगायचं, झोपेवर लक्ष लावायला सांगायचं. थोड्या वेळाने ठाम आवाजात झोपण्याचा एकच आदेश द्यायचा. काहींना झोप लागे, काहींना नाही. त्या झोपेतली माणसं बोलत, सांगितलेलं करत, दुखणं विसरत. मग फारिया जमलेल्यांना सांगत, की माझ्या हातातून काही निघालं नाही, माझ्यात काही शक्ती नाही, झालं ते या माणसाच्या स्वतःच्या मनात झालं. दारू समजून प्यालेल्या पाण्यानेही माणूस झिंगतो, हे त्यांचं निरीक्षण. (पुतळ्यात मात्र पसरलेले हातच आधी दिसतात.)

गुरुबंधूंनो, इथे जरा थांबायला हवं. आपण गुरुमार्गातली माणसं. महाराजांच्या चरणी आलो आणि शांत झोप लागू लागली, असा अनुभव आपल्यातल्या अनेकांचा आहे. त्या अनुभवाला फारियांचं म्हणणं खोटं ठरवत नाही. ते एवढंच दाखवतं, की गुरूंनी जागं केलं ते आपल्याच आत होतं. पण जो म्हणतो की शक्ती माझ्या हातात आहे, आणि त्यासाठी पैसे, कोंबडा, रात्रीचं बोलावणं मागतो, त्याच्यापासून लांब राहावं. आपल्या भागात अजून घरातलं माणूस बोलेनासं झालं, जेवेनासं झालं की पहिली धाव घाड्याकडे असते. महिने जातात, दुखणं वाढतं.

उलट चूकही तितकीच होते. सगळं मनात आहे ना, मग मन घट्ट कर, नाम घे, रडू नकोस, असं आपण सहज बोलून जातो. फारियांच्या शिकवणीतून हा अर्थ काढू नये. त्यांच्यापुढेही सगळ्यांना झोप लागत नव्हती, आणि न लागणाऱ्याला त्यांनी दोष दिला नाही. त्याचं कारण ते शरीरात शोधत, रक्ताच्या पातळपणात. ते कारण चुकीचं निघालं, पण नजर योग्य होती. नैराश्याने पडलेल्याला हिंमत कर म्हणणं म्हणजे ताप आलेल्याला थंड हो म्हणण्यासारखं.

पॅरिसने फारियांची थट्टा केली. सांगतात, की एका नटाने त्यांच्यापुढे झोपेचं सोंग घेतलं आणि भर सभेत डोळे उघडून त्यांची फजिती केली. १८१६ साली त्यांच्यावर नाटक निघालं, लोक पोट धरून हसले. धर्मवाल्यांना त्यांचं काम सैतानाचं वाटलं, चुंबकवाल्यांना पोटावर पाय आल्यासारखं झालं. व्याख्यानं बंद पडली. एका मठात धर्मोपदेशकाची नोकरी धरून त्यांनी आपलं पुस्तक लिहिलं. ते १८१९ मध्ये छापलं गेलं आणि त्याच वर्षी २० सप्टेंबरला मेंदूच्या झटक्याने ते वारले. मोंमार्त्रला पुरलं, थडगं कुठे ते कळत नाही. पाठीमागून कुजबुजणारे वडील तोवर कधीच गेले होते.

पुढे अलेक्झांडर द्युमाने आपल्या कादंबरीत तुरुंगातला कैदी म्हणून फारियांचं नाव वापरलं, ते जगभर झालं. त्यांचं खरं काम फ्रान्समधल्या नान्सीच्या डॉक्टरांनी उचललं. १८८९ मध्ये त्या डॉक्टरांकडे शिकायला आलेला एक पाहुणा म्हणजे सिग्मंड फ्रॉइड. शब्दांनी, बोलून उपचार करण्याच्या आजच्या पद्धतीच्या मुळाशी कांदोळीचा हा माणूस आहे. गोव्यातल्या मनोरुग्णालयालाही पूर्वी त्यांचंच नाव होतं. आता ती संस्था बांबोळीला आहे.

आणि गोव्यातलीच आणखी एक गोष्ट. संगाथ या संस्थेने इथल्या सरकारी आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या साध्या स्त्रियांना शिकवून उदास, चिंताग्रस्त रुग्णांशी बोलायला बसवलं. सोबत गरजेप्रमाणे डॉक्टरांची औषधं होतीच. त्याचे निष्कर्ष २०१० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. सहा महिन्यांनी तीनातले सुमारे दोन रुग्ण बरे झाले होते. नेहमीच्या उपचारांत हे प्रमाण निम्म्याहून कमी होतं. ऐकून घेणारं माणूस शिकलेलं असावं लागतं, पण ते आपल्यातलंच असू शकतं.

घरात कुणाची झोप, जेवण, बोलणं दोन आठवडे बिघडलेलं दिसलं तर जवळच्या आरोग्य केंद्रात न्या. जिवाचं बरंवाईट करायची भाषा निघाली तर एक दिवसही थांबू नका, माणसाला एकटं सोडू नका. सरकारचा टेली-मानस फोन १४४१६, चोवीस तास, फुकट. मराठीत बोलता येतं.

गुरुवारी आरतीनंतर ज्यांना घरच्या कुणाविषयी बोलायचं असेल त्यांनी मागे थांबावं. बांबोळीला जायला सोबत लागली तर दोघं-तिघं यायला तयार आहेत. नाव बाहेर जाणार नाही.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥