व्हॅन गॉग आणि मॉडेल: पोटाला चिमटा काढून रात्रीच्या ड्रॉइंग क्लबात जाणारा चित्रकार

तोंडात पेटती सिगारेट धरलेल्या सांगाड्याचं चित्र तुमच्या फीडमध्ये कधी ना कधी येऊन गेलं असेल. टी-शर्टवर, मोबाइलच्या कव्हरवर, मीममध्येही ते दिसतं. हे चित्र व्हिन्सेंट व्हॅन गॉगचं. १८८६च्या हिवाळ्यात, बेल्जियममधल्या अँटवर्प शहरात काढलेलं. तिथल्या कला अकादमीत शरीररचना शिकवण्यासाठी सांगाडा ठेवला जाई. व्हिन्सेंटने चित्रात त्याला सिगारेट देऊन टाकली.

या चेष्टेमागे वैताग असावा. कारण त्याला हाडं नको होती, प्लास्टरचे पुतळेही नको होते. त्याला समोर जिवंत माणूस हवा होता.

जिवंत मॉडेल, बहुतेकदा विवस्त्र, समोर ठरावीक वेळ एका पोझमध्ये राहतं आणि भोवती बसलेले लोक त्याचं रेखाटन करतात, याला लाइफ ड्रॉइंग म्हणतात. आज अनेक शहरांत हौशी मंडळी एकत्र येऊन अशी सत्रं भरवतात. एकत्र येण्यामागचं एक साधं कारण म्हणजे पैसे. मॉडेलचं मानधन एकट्याला जड जातं. व्हिन्सेंटची तर सगळी कहाणीच या एका खर्चाभोवती फिरते.

सत्ताविसाव्या वर्षी सुरुवात

१८५३ साली नेदरलँड्समध्ये जन्मलेल्या व्हिन्सेंटने चित्रकार व्हायचं ठरवलं ते १८८०मध्ये. त्याआधी चित्रविक्रीच्या दुकानातली नोकरी, शिक्षकी, खाणकामगारांमध्ये धर्मप्रचार असं सगळं करून झालं होतं. सुरुवातीला त्याने शार्ल बार्ग यांच्या चित्रकला-पाठांच्या छापील तक्त्यांवरून आकृत्या गिरवल्या. पुढे हेगमध्ये चित्रकार आंतोन मोव्ह त्याला शिकवत होते. त्यांनी प्लास्टरवरून रेखाटायला सांगितलं, तेव्हा याने रागाच्या भरात पुतळ्यांचे तुकडे करून कोळशाच्या पेटीत टाकले. धाकटा भाऊ थिओ जे पैसे पाठवी, त्यातले बरेचसे मॉडेलवर जात. ही मॉडेल कोण? वृद्धाश्रमातले म्हातारे, गरीब बायका. अशीच एक बाई, सीन, पुढे त्याच्यासोबत राहू लागली.

न्यूनेन गावात शेतकरी त्याच्यासमोर बसत. 'द पोटॅटो ईटर्स' तिथलंच. पण १८८५मध्ये एक अविवाहित मुलगी गरोदर राहिली आणि संशय चित्रकारावर गेला. त्याने तो फेटाळला. तरीही कॅथलिक धर्मगुरूंनी गावकऱ्यांना त्याच्यासमोर बसू नका असं बजावलं. मॉडेल मिळेनाशी झाली.

ब्रेडवर काढलेला हिवाळा

नोव्हेंबर १८८५मध्ये तो अँटवर्पला आला आणि जानेवारीत अकादमीत दाखल झाला. वय ३२, वर्गात बहुतेक तरणी पोरं. जेवण म्हणजे बहुधा ब्रेड आणि कॉफी. दात पडत होते, तब्येत ढासळत होती. पैसे आले की आधी मॉडेल आणि रंग, मग पोट.

दिवसा रंगकाम, संध्याकाळी प्लास्टरवरून रेखाटन, हे अकादमीचं वेळापत्रक. एवढ्यावर भागेना म्हणून तो आणखी दोन ड्रॉइंग क्लबांचा सदस्य झाला. तिथे रात्री उशिरा मॉडेल बसे. अकादमीच्या वर्गात विवस्त्र स्त्री मॉडेल जवळपास नसेच, याची त्याची तक्रार होती. दिवसभर काम करून, अर्धपोटी, हा माणूस रात्री पुन्हा कागद घेऊन बसायचा. याला हौस म्हणणं कठीण आहे. त्या दिवसांतलं उभ्या विवस्त्र स्त्रीचं रेखाटन ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग म्युझियममध्ये आहे. अंग जाड आणि भारदस्त, नाजूकपणाचा पत्ता नाही.

अकादमीतले शिक्षक यूजेन सिबर्ड यांच्याशी खटका उडाला तो इथेच. त्यांचा आग्रह आधी बाह्यरेषा नीट काढण्याचा. व्हिन्सेंट मात्र आतल्या घनतेपासून सुरुवात करी. त्याने व्हीनसच्या प्रसिद्ध पुतळ्याला रुंद कमरेची, फ्लेमिश गृहिणीसारखी बाई करून टाकलं, तेव्हा शिक्षकांनी कागदावर जोरजोरात दुरुस्त्या केल्या आणि व्हिन्सेंट त्यांच्यावर ओरडला, अशी आठवण वर्गमित्रांनी पुढे सांगितली. सत्राअखेरीस परीक्षकांनी त्याला नवशिक्यांच्या वर्गात पाठवायचं ठरवलं. तोवर तो थिओकडे पॅरिसला निघूनही गेला होता.

पॅरिसमध्ये काही महिने फेर्नाँ कॉर्मोन यांच्या स्टुडिओत त्याने पुन्हा मॉडेलवरून रेखाटलं. तिथे तुलूझ-लोत्रेक आणि एमिल बर्नार्ड भेटले. स्वतःचं मॉडेल ठेवायला मात्र पैसे नव्हतेच, म्हणून त्याने फुलं रंगवली आणि आरशासमोर बसून स्वतःलाच. दोन वर्षांत वीसहून जास्त आत्मचित्रं तयार झाली.

१८८८मध्ये फ्रान्समधल्याच आर्ल गावात टपाल खात्यातले जोझेफ रूलँ त्याच्यासमोर बसले. त्यांनी मानधन घ्यायला नकार दिला. पण ते व्हिन्सेंटसोबतच खात-पीत, त्यामुळे हे फुकटचं मॉडेल उलट महाग पडतं, असं त्याने थिओला कळवलं. तरी त्याने रूलँ यांची चित्रं थांबवली नाहीत. पुढे त्यांची बायको आणि तिन्ही मुलंही एकेक करून त्याच्यासमोर बसली.