मोटर, ठिणगी आणि जोसेफ हेन्री

मित्रांनो, मिनी प्रोजेक्टचे दिवस आले की लॅबमध्ये एक सीन ठरलेला. अर्दुइनो ऊनोवर एलईडी मस्त लुकलुकतो, म्हणून उत्साहाने त्याच पिनला खेळण्यातली डीसी मोटर जोडली जाते. मोटर ढिम्म हलत नाही, बोर्ड मात्र सारखा रीसेट होतो. मग सगळा ग्रुप प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतो, आणि चूक तिथे नसतेच! तिचं उत्तर जवळपास दोनशे वर्षांपूर्वी एका शाळामास्तराने शोधून ठेवलं आहे. त्याचं नाव आपण इंडक्टन्सच्या गणितात उत्तरापुढे लिहितो आणि विसरतो : हेन्री.

जोसेफ हेन्रीचा जन्म १७ डिसेंबर १७९७ रोजी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या अल्बनी गावी झाला. घरची गरिबी, त्यात वडील लवकर गेले. तेराव्या वर्षाच्या सुमारास तो घड्याळं आणि चांदीकामाच्या दुकानात उमेदवारीला लागला. मनात मात्र नाटकाचं वेड! पुढे विज्ञानावरचं एक सोप्या भाषेतलं पुस्तक हाती पडलं आणि नाटक मागे पडलं. १८१९ मध्ये अल्बनी अ‍ॅकॅडमीत त्याला फी माफ झाली, पण पोटासाठी शिकवण्या कराव्याच लागल्या. १८२६ मध्ये तो तिथेच प्राध्यापक झाला. दिवसाला सात-सात तास शिकवायचं; प्रयोगांना मोकळा वेळ मिळे तो मुख्यतः ऑगस्टच्या सुट्टीत.

तेवढ्यात त्याने काय केलं बघा. स्टर्जनने १८२५ मध्ये विद्युतचुंबक बनवला होता, पण त्याची तार उघडी असल्याने वेढे दूर दूर ठेवावे लागत. हेन्रीने तारेवर रेशीम गुंडाळलं आणि थरावर थर चढवले. १८३१ मध्ये येल कॉलेजसाठी त्याने केलेला चुंबक २००० पौंडांहून जास्त, म्हणजे सुमारे ९०० किलो वजन उचलत असे.

हे करताना त्याला एक महत्त्वाची गोष्ट कळली. आखूड तारांच्या समांतर जोडलेल्या गुंडाळ्यांना एकच मोठा सेल पुरतो. लांबलचक तारेच्या गुंडाळीला एकामागे एक जोडलेले बरेच सेल लागतात. थोडक्यात, लोड बघून सोर्स निवडा. आपण मोटरला नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावतो तेव्हा हेच विसरतो. व्होल्ट भरपूर, पण मोटर सुरू होताना ओढते तेवढा करंट द्यायची तिची ताकद नसते. त्यापेक्षा चार पेन्सिल सेल बरे.

त्याच वर्षी त्याने एक छोटं इंजिन बनवलं. विद्युतचुंबकाची दांडी सी-सॉसारखी टेकवलेली, दोन्ही टोकांखाली कायमचे चुंबक, बाजूला सेल. दांडी एकीकडे झुकली की जोडणी बदलून करंट उलटा होई आणि ती दुसरीकडे झुके. मिनिटाला सुमारे ७५ हेलकावे, तेही तासाहून जास्त वेळ! करंट असा उलटसुलट करायचं काम आज आपल्या रोबोटमध्ये एच-ब्रिज करतो.

१८३२ मध्ये हेन्री प्रिन्स्टनला गेला. लांब तारेतून येणारा क्षीण करंट मोठं काम करू शकत नाही, पण दुसरं सर्किट चालू-बंद करण्यापुरता तो पुरतो, हे त्याने तिथे दाखवलं. वर्गात तो छोट्या चुंबकाने मोठ्या चुंबकाचं सर्किट तोडून दाखवी आणि लटकवलेलं वजन धाडकन खाली येई. हाच रिले. ऊनोच्या पिनमधून २० मिलिअँपिअर घ्यावेत. ४० ही शेवटची मर्यादा. मोटर सुरू होताना त्याच्या कितीतरी पट करंट मागते. म्हणून पिनने फक्त हुकूम द्यायचा, ट्रान्झिस्टरने करंट वाहायचा. मोटरची बॅटरी वेगळी ठेवायची आणि दोन्हींचे ग्राउंड जोडायचे. साध्या पाच व्होल्टच्या रिलेची कॉइलसुद्धा ७० मिलिअँपिअरच्या आसपास घेते, म्हणून तिलाही ट्रान्झिस्टर हवाच.

आता ठिणगी. लांब तारेचं सर्किट तोडताना जोरदार ठिणगी पडते आणि तारेची गुंडाळी केली तर ती वाढते, हे हेन्रीच्या लक्षात आलं होतं. पण लिहून छापायला वेळ कुठे होता? इकडे इंग्लंडमध्ये फॅरेडेने १८३१ च्या अखेरीस विद्युतप्रवर्तनाचा शोध जाहीर केला. ती बातमी कळल्यावर हेन्रीने घाईघाईने लेख लिहिला. तो जुलै १८३२ मध्ये छापून आला. प्रवर्तनाचं श्रेय फॅरेडेकडे गेलं होतं. पण त्या लेखात ठिणगीची, म्हणजे सेल्फ इंडक्शनची नोंद होती आणि तो मान हेन्रीकडे राहिला.

मोटर बंद करताना हीच ठिणगी आपल्या ट्रान्झिस्टरचा जीव घेते. करंट एकदम तुटला की कॉइल मोठा उलटा व्होल्टेज उभा करते. उपाय काही रुपयांचा : मोटरला समांतर उलटा डायोड, पट्टीची बाजू प्लसकडे. १एन४००७ चालतो. एल२९३डी मध्ये डायोड आतच असतात. एल२९८ ला मात्र बाहेरून लावावे लागतात.

हेन्रीने या शोधांची पेटंटं घेतली नाहीत. मोर्सच्या तारायंत्रामागे त्याचं बरंच काम होतं, पण पैसा आणि नाव मोर्सला मिळालं. १८४६ मध्ये हेन्री स्मिथसोनियन संस्थेचा पहिला सचिव झाला. १८६५ मध्ये तिथे आग लागली आणि त्याची बरीच कागदपत्रं जळाली. १३ मे १८७८ रोजी तो वारला. १८९३ मध्ये शिकागोच्या विद्युत परिषदेने इंडक्टन्सच्या एककाला त्याचं नाव दिलं.

तेव्हा दोस्तहो, मोटर जोडण्यापूर्वी सोर्स, ट्रान्झिस्टर आणि डायोड तपासा. आणि लॅबमध्ये काही नवीन दिसलं तर त्याच दिवशी तारखेसकट वहीत लिहा. सबमिशनच्या आदल्या रात्री नव्हे! हेन्रीच्या हातून थोडक्यात काय निसटलं, ते आता तुम्हाला माहीत आहे.