कित्तूरची राणी चन्नम्मा आणि त्यांचा वाडा

बेळगावहून उत्तरेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर काकती हे गाव आहे. सांबऱ्याच्या पंचक्रोशीस परिचित असलेल्या या गावी, देसाई घराण्यात, 1778 साली चन्नम्मांचा जन्म झाला. घोडेस्वारी व तलवारबाजी यांचे शिक्षण त्यांना बालपणीच मिळाले. पुढे कित्तूरचे राजे मल्लसर्ज देसाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि बेळगाव-धारवाड वाटेवरील कित्तूरचा वाडा हे त्यांचे घर झाले.

कित्तूरचे संस्थान लहान, पण शेजारी प्रबळ. मल्लसर्जांना टिपूच्या कैदेत राहावे लागले. तेथून ते निसटले. पुढे दुसऱ्या बाजीरावाने त्यांना पुण्यास अडकवून ठेवले आणि आजारी अवस्थेत परतत असताना 1816 साली त्यांचे निधन झाले. हा इतिहास मराठी वाचकाने विसरू नये असा आहे. पेशवाईविषयीच्या या कटुतेमुळेच 1818 साली बेळगावच्या किल्ल्याला इंग्रजांनी वेढा घातला, तेव्हा कित्तूरने इंग्रजांना साहाय्य केले. त्याची परतफेड सहा वर्षांतच वेगळ्या रीतीने झाली.

थोरल्या राणी रुद्रम्मा यांचे पुत्र शिवलिंगरुद्रसर्ज सप्टेंबर 1824 मध्ये निपुत्रिक वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी शिवलिंगप्पा या मुलास दत्तक घेतले होते. धारवाडचे कलेक्टर थॅकरे यांनी हे दत्तविधान अमान्य केले आणि खजिन्यावर पहारे बसविले. सातारा व झाशी येथे दत्तकाच्या प्रश्नावर जे घडले, ते कित्तूरमध्ये त्यापूर्वीच, साताऱ्याच्या तर 24 वर्षे आधी, घडत होते. चन्नम्मांनी अर्ज-विनंत्यांचा मार्ग अवलंबून पाहिला. तो खुंटला तेव्हा किल्ल्याचे दरवाजे बंद झाले.

23 ऑक्टोबर 1824 रोजी झालेल्या लढाईत थॅकरे मारले गेले. वॉल्टर इलियट आणि स्टीव्हन्सन हे दोन अधिकारी राणीच्या हाती लागले. त्यांना अपाय न करता सुरक्षित ठेवण्यात आले व वाटाघाटींच्या काळात सोडून देण्यात आले. हेच इलियट पुढे कर्नाटकातील शेकडो शिलालेखांच्या नकला जमविणारे व अमरावतीच्या शिल्पांचा शोध घेणारे अभ्यासक म्हणून प्रसिद्धीस आले. बंदिवानांच्या सुटकेने मात्र कित्तूर वाचले नाही. डिसेंबरच्या आरंभी मोठ्या फौजेने वेढा घातला. या लढाईत सोलापूरचे अधिकारी मन्रो कामी आले. पण अखेरीस किल्ला पडला.

चन्नम्मांना बैलहोंगल येथे नजरकैदेत ठेवण्यात आले. तेथेच 1829 साली त्यांचे देहावसान झाले. त्यांचा विश्वासू सेवक संगोळ्ळी रायण्णा याने शिवलिंगप्पास गादीवर बसविण्यासाठी पुन्हा बंड उभारले. 1831 साली खानापूर तालुक्यातील नंदगड येथे त्यास फाशी देण्यात आली.

रोमचा सम्राट डायोक्लेशियन याने 305 साली स्वेच्छेने राज्यत्याग केला आणि एड्रियाटिक समुद्राकाठी बांधविलेल्या आपल्या वाड्यात शेवटची वर्षे घालविली. क्रोएशियातील स्प्लिट नगरातील हा वाडा 1979 पासून जागतिक वारसा मानला जातो व त्याच्या भिंतींच्या आत आजही लोकवस्ती आहे. चन्नम्मांच्या वाट्यास तसे भाग्य आले नाही. स्वतःच्या वाड्यात वृद्धत्व घालविणे त्यांना लाभले नाही, आणि त्यांच्यामागे वाड्यावर छप्परही उरले नाही. कित्तूरच्या किल्ल्यात आज दगडी जोती, जाड भिंती, स्नानगृहे आणि पाणी खेळविण्याच्या वाटा तेवढ्या दिसतात. हे अवशेष राज्याच्या पुरातत्त्व खात्याने जतन केले असून लगतच्या वस्तुसंग्रहालयात त्या काळातील शस्त्रे व वस्तू ठेवल्या आहेत.

2007 साली संसदेच्या आवारात राणीचा पुतळा उभारला गेला. 2024 साली त्यांच्या लढ्यास दोनशे वर्षे पूर्ण झाली. कन्नड भाषकांनी हे नाव जिवापाड जपले आहे. काकती, बैलहोंगल आणि नंदगड यांच्या सान्निध्यात राहणाऱ्या मराठी वाचकासही ते परके नाही. वारस निवडण्याचा घराचा हक्क परक्याने नाकारावा काय, हा राणीचा प्रश्न होता, आणि त्याची किंमत पुढे साताऱ्याने व झाशीनेही मोजली. कित्तूरच्या पडक्या भिंतींत तो प्रश्न अद्याप उभा आहे.