विश्लेषण : वसईच्या गोन्सालो गार्सिया यांना नागासाकीत मृत्युदंड का मिळाला?

वसईतील गास गावच्या चर्चला ज्यांचे नाव आहे, ते संत गोन्सालो गार्सिया हे भारतात जन्मलेले पहिले कॅथलिक संत. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमध्ये त्यांना क्रूसावर ठार मारण्यात आले. पण वसईच्या या माणसाची जपानच्या सत्तेला भीती का वाटली?

गोन्सालो कोण होते?
त्यांचा जन्म १५५६च्या सुमारास पोर्तुगीजांच्या ताब्यातील वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई स्थानिक. येशूसंघीय धर्मगुरूंकडे शिकून ते तरुणपणीच जपानला गेले, तिथली भाषा शिकले आणि धर्मशिक्षक झाले. संघात प्रवेश न मिळाल्याने पुढे ते व्यापारात उतरले.

फिलिपिन्सशी संबंध काय?
मनिलात ते फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाले. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याला फिलिपिन्सने आपले अंकित व्हावे असे वाटत होते. म्हणून १५९३ मध्ये तिथल्या स्पॅनिश गव्हर्नरने पेद्रो बाउतिस्ता यांना बोलणीसाठी पाठवले. गोन्सालो त्यांचे दुभाषे होते. तिथे राहण्याची परवानगी मिळाल्यावर फ्रान्सिस्कनांनी क्योटोत कुष्ठरुग्णांसाठी रुग्णालय काढले.

शिक्षा कशामुळे?
१५९६ मध्ये मनिलाहून निघालेले ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटले. माल जप्त झाला आणि मिशनऱ्यांपाठोपाठ स्पेनचे सैन्य येईल, हा संशय बळावला. वसई आणि मनिला युरोपीय सत्तांच्या ताब्यात होत्याच, त्यामुळे हा संशय अगदीच निराधार नव्हता. पण शिक्षा झाली ती २६ जणांना. त्यांतले २० जपानी होते, काही तर १२ ते १४ वर्षांची मुले. कानाचा तुकडा कापून, भर थंडीत सुमारे महिनाभर त्यांना नागासाकीपर्यंत नेण्यात आले.

आज याचे महत्त्व काय?
१८६२ मध्ये गोन्सालो यांना संतपद मिळाले. मनिलाचे लोरेन्झो रुइझ, म्हणजे पहिले फिलिपिनो संत, यांनाही १६३७ मध्ये नागासाकीतच मारले गेले. परकीय सत्तेचा राग माणसाच्या श्रद्धेवर काढला, की काय होते ते या दोघांच्या आयुष्यात दिसते. भारतीय राज्यघटनेच्या कलम २५ने धर्मस्वातंत्र्य दिले आहे ते फक्त नागरिकांना नाही, तर सर्व व्यक्तींना. म्हणजे परदेशातून आलेल्या माणसालाही. जपानमध्ये गोन्सालो परदेशीच होते.