कर्करोगाच्या वंशवेलीचा माग घेणाऱ्या कमल रणदिवे

बुलडाणा : मलकापूर, नांदुरा किंवा शेगाव स्थानकावरून मुंबईच्या गाडीत बसून परळच्या टाटा रुग्णालयात जाणारे रुग्ण या जिल्ह्याला नवे नाहीत. स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झालेल्या महिलेला तेथे हमखास एक प्रश्न विचारला जातो. आई, मावशी, आत्या, आजी, बहीण यांपैकी कोणाला हा आजार झाला होता काय? बोर्डीकाठच्या खेड्यातील बाईला हा प्रश्न चौकशीपुरता वाटतो. त्यामागे मात्र अनेक दशकांचे संशोधन उभे आहे आणि त्याचा भारतातील पाया रचणाऱ्यांत डॉ. कमल रणदिवे यांचे नाव अग्रभागी आहे.

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे प्राध्यापक होते. मुलींनाही उत्तम शिक्षण मिळाले पाहिजे, याबाबत ते आग्रही होते. हुजूरपागेत शालेय शिक्षण घेतल्यानंतर कमल फर्ग्युसनमध्ये दाखल झाल्या. त्यांनी वैद्यकीय शिक्षण घ्यावे व डॉक्टरशीच विवाह करावा, अशी वडिलांची इच्छा होती. कमल यांनी मात्र जीवशास्त्राची वाट धरली आणि १९३९ मध्ये गणितज्ञ जे. टी. रणदिवे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पदव्युत्तर अभ्यासात संख्याशास्त्राची बाजू सांभाळण्यास पतीची मोठी मदत झाली.

पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून १९४३ मध्ये त्यांनी एम.एस्सी. केले. विषय होता सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा. बुलडाण्याच्या डोंगरउतारावर रानोमाळ फळणाऱ्या या झाडाच्या कुळातून त्यांनी आनुवंशिकतेचे पहिले धडे घेतले, असे म्हणता येईल.

विवाहानंतर मुंबईत आल्यावर टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत त्यांना डॉ. वसंत खानोलकर यांचे मार्गदर्शन लाभले. त्यांच्याच हाताखाली १९४९ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळविली. एकाच पिंजऱ्यात, एकाच खाद्यावर वाढणाऱ्या उंदरांपैकी काही वाणांच्या माद्यांना स्तनाचा कर्करोग सर्रास होतो, तर काहींना क्वचितच. असे का व्हावे, हा त्यांचा प्रश्न होता. चार वाणांच्या उंदरांच्या स्तनग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली तपासून त्यांनी आनुवंशिकता, प्रसूती, संप्रेरके आणि ग्रंथीची रचना यांचा रोगाशी असलेला संबंध मांडला.

पुढे रॉकफेलर शिष्यवृत्तीवर त्या अमेरिकेतील बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेल्या. मानवी पेशी शरीराबाहेर वाढविण्यात यश मिळविलेल्या जॉर्ज गाय यांच्याकडे त्या टिश्यू कल्चरचे तंत्र शिकल्या. तेथेच राहणे शक्य असताना त्या मायदेशी परतल्या. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातील पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभारली. १९६६ ते १९७० या काळात केंद्राच्या प्रभारी संचालकपदाची धुराही त्यांनी वाहिली.

त्या काळात जनुकाचे नेमके ठिकाण दाखविण्याचे साधन नव्हते. उंदरांत मादीच्या दुधातून पिलांकडे जाणारा विषाणू सापडला होता. संप्रेरके व विषाणू यांच्या संगतीतून कर्करोगाची प्रवणता कशी वाढते, याचा त्यांनी पाठपुरावा केला. मानवात असा विषाणू कारणीभूत असल्याचे सिद्ध झाले नाही. आनुवंशिकतेचा धागा मात्र पक्का निघाला.

१९९० मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी सतराव्या गुणसूत्रावर त्याची जागा दाखविली. १९९४ मध्ये बीआरसीए-१ आणि १९९५ मध्ये बीआरसीए-२ हे जनुक हाती आले. पेशीतील डीएनएचे दोन्ही धागे तुटल्यास ते बिनचूक सांधण्याच्या कामात या जनुकांचा वाटा असतो. जन्मतः एक प्रत सदोष असली आणि पुढे एखाद्या पेशीतील दुसरीही निकामी झाली, की दुरुस्ती थांबते व चुका साचत जातात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहणीनुसार, सदोष जनुक असलेल्या १०० पैकी सुमारे ७० महिलांना वयाच्या ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होतो. अंडाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण बीआरसीए-१ मध्ये ४४, तर बीआरसीए-२ मध्ये १७ आहे. हा दोष वडिलांकडूनही येऊ शकतो. म्हणूनच आत्याची चौकशी मावशीइतकीच महत्त्वाची ठरते. अर्थात, स्तनाच्या कर्करोगाचे बहुतांश रुग्ण आनुवंशिक नसतात.

कमलताईंचे कार्य प्रयोगशाळेपुरते राहिले नाही. १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला. निवृत्तीनंतर आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, राजूर परिसरात त्यांनी आदिवासी बालकांच्या पोषणाचा अभ्यास केला. १९८२ मध्ये पद्मभूषणने त्यांचा गौरव झाला. ११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले.

घरात दोघी-तिघींना हा आजार झाला, की गावाकडे आजही दैवाला किंवा सुनेच्या माहेराला बोल लावला जातो. कमलताईंनी त्याच गोष्टीकडे शास्त्राचा प्रश्न म्हणून पाहिले. त्यामुळे आज धोका असलेल्या लेकीबाळींची आधीच तपासणी होऊ शकते आणि वेळीच उपाय करता येतात. डॉक्टरांनी घराण्याची माहिती विचारल्यास ती न लपविता सांगणे, हेच या संशोधिकेचे खरे स्मरण ठरेल.