रविवार कुणी मिळवून दिला? ठाण्याचे सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे

टिटवाळा म्हटले की मुंबई-ठाण्याच्या माणसाला मंगळवार आठवतो. अंगारकीला स्टेशनपासून मंदिरापर्यंत रांग लागते, रिक्षा मिळत नाही, पोलीस बंदोबस्त असतो. ज्याची श्रद्धा त्याच्यापाशी. आमचे म्हणणे एवढेच की टिटवाळा, आंबिवली, मोहने, शहाड या पट्ट्यातील कष्टकऱ्याने मंगळवारापेक्षा रविवार लक्षात ठेवावा. कारण रविवारची सुट्टी कुठल्या देवाने दिलेली नाही, इंग्रजाने दिलेली नाही आणि मालकाने तर नाहीच नाही. ती हजारो गिरणी कामगारांनी झगडून घेतली आणि त्यांचा पुढारी आपल्या ठाण्यात जन्मलेला एक सत्यशोधक होता.

आपल्या चळवळीचा हिशेब मांडून पाहा. विहारातील सामुदायिक वंदना रविवारी. मुलांचा धम्मवर्ग रविवारी. जयंती समितीची बैठक, महिला मंडळाचा कार्यक्रम, प्रबोधन शिबिर, सगळे रविवारी. सहा दिवस साडेचार-पाचची लोकल धरणारा आमचा माणूस समाजाच्या कामाला येतो तो सातव्या दिवशी. हा दिवस काढून घेतला तर विहाराला कुलूप लागेल. म्हणूनच रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांचे चरित्र केवळ कामगार दिनाच्या भाषणापुरते नाही, ते आपल्या घरचे चरित्र आहे.

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्यात झाला. घराणे फुलमाळी, मूळ गाव पुणे जिल्ह्यातील कन्हेरसर. त्याच वर्षी पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली होती. लोखंडे पाच वर्षांचे असताना, १८५३ च्या एप्रिलमध्ये, बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी त्यांच्याच गावात येऊन थांबली. पुढच्या वर्षी रूळ कल्याणला पोचले, १८५५ मध्ये टिटवाळ्यावरून वासिंदपर्यंत गेले. त्याच दशकात मुंबईत पहिली कापड गिरणी उभी राहिली. कोकणातून आणि देशावरून जमीन सुटलेली माणसे मुंबईच्या गिरण्यांत भरू लागली. लोखंडे या नव्या जगाचेच अपत्य होते.

शिक्षण बेताचेच झाले. परिस्थितीमुळे लवकर नोकरी धरावी लागली. आधी रेल्वेच्या टपाल खात्यात, मग मुंबईत मांडवीच्या कापड गिरणीत स्टोअरकीपर म्हणून. ही जागा तशी बरी होती. डोक्यावर छप्पर, हातात पेन, महिन्याचा पगार. पण याच जागेवरून त्यांना रोज समोरचे दिसत होते. सूर्य उगवला की भोंगा आणि सूर्य मावळला की सुटका. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून काम तेरा-चौदा तास. सात-आठ वर्षांची पोरे यंत्राखाली, तान्ही लेकरे घेऊन बाया खात्यात. हात तुटला तर नोकरी तुटली. पगार कधी होईल ते मालकाच्या मर्जीवर. लोखंडे स्वतः यंत्रावर नव्हते, त्यांना गप्प बसता आले असते. ते बसले नाहीत.

कारण तोवर त्यांना जोतीराव भेटले होते. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी लोखंडे त्यात सामील झाले. कृष्णराव भालेकरांनी १८७७ च्या जानेवारीत पुण्यात सुरू केलेले 'दीनबंधू' पैशाअभावी बंद पडले, तेव्हा लोखंड्यांनी ते मुंबईला आणले. मे १८८० मध्ये रामजी संतूजी आवटे यांच्यासोबत त्यांनी ते पुन्हा सुरू केले आणि पुढे गिरणीची नोकरी सोडून पूर्णवेळ पत्राला वाहून घेतले. चांगल्या पगाराची नोकरी सोडून शेतकरी-कामकऱ्याचे वर्तमानपत्र चालवायचे, हा त्या काळी निव्वळ तोट्याचा धंदा होता. पण आपले वर्तमानपत्र नसेल तर आपले म्हणणे दुसऱ्याच्या तोंडून आणि दुसऱ्याच्या सोयीने मांडले जाते, हे त्यांनी ओळखले होते. बाबासाहेबांनी १९२० मध्ये 'मूकनायक' काढला तो याच जाणिवेतून. आज आपण आपले दैनिक वाचतो, ते याच वाटेवर.

पहिला कारखाना कायदा १८८१ साली झाला. सात वर्षांखालील मुलांना कामावर घ्यायचे नाही आणि बारा वर्षांखालील मुलांकडून नऊ तासांपेक्षा अधिक काम घ्यायचे नाही, एवढीच त्याची धाव. मोठ्या माणसाच्या आणि स्त्रियांच्या कामाच्या तासांना त्यात हातही लावला नव्हता. हा कायदा सुधारायची चर्चा निघाली तेव्हा बहुतेक राष्ट्रवादी वृत्तपत्रे गिरणी मालकांच्या बाजूला गेली. मँचेस्टरच्या कारखानदारांना देशी गिरण्या बुडवायच्या आहेत म्हणून हे कायदे, असा त्यांचा युक्तिवाद. मँचेस्टरचा स्वार्थ खोटा नव्हता. पण देशी भांडवल वाचवण्यासाठी देशी कामगाराने किती तास मरायचे, हा प्रश्न त्या वृत्तपत्रांना पडला नाही. तो 'दीनबंधू'ला पडला. देश म्हणजे कोण, गिरणीचा मालक की गिरणीतला माणूस, हा वाद तेव्हापासूनचा आहे.

१८८४ साली मुंबई सरकारने कारखान्यांच्या चौकशीसाठी कमिशन नेमले. लोखंड्यांनी ही संधी साधली. २३ सप्टेंबरला परळच्या सुपारीबागेत कामगारांची सभा घेतली, लगेच २६ तारखेला भायखळ्याला दुसरी. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. मागण्या पाहा. दर रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, त्यापुढे नाही. मागील महिन्याचा पगार पुढच्या पंधरा तारखेच्या आत. कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार आणि कायमचा निकामी झाल्यास निर्वाहाची सोय. आम्ही वकिली करतो. कामगारांचे दावे चालवताना पगार कायदा, नुकसानभरपाई कायदा, कारखाने कायदा यांची पाने उलटतो, तेव्हा त्या सगळ्यांचे बी या पाच मागण्यांत सापडते. ज्यांना सही करता येत नव्हती त्यांच्या अंगठ्यांनी हा कायदा लिहायला घेतला होता.

या सभांतून उभ्या राहिलेल्या 'बॉम्बे मिल हॅण्डस् असोसिएशन'ला भारतातील पहिली कामगार संघटना म्हटले जाते. काही अभ्यासक ते मान्य करीत नाहीत. तिला घटना नव्हती, निधी नव्हता, सभासदांची नोंदवही नव्हती, म्हणून १९१८ च्या मद्रासच्या युनियनला ते पहिला मान देतात. आमचे उत्तर सरळ आहे. कामगार संघटनांना कायदेशीर मान्यता देणारा कायदाच १९२६ साली झाला. कायदा नसताना संघटना उभी करणाऱ्याकडे कायद्यातल्या नोंदवह्या मागणे हा न्याय नव्हे.

सहा वर्षे अर्जविनंत्या चालल्या. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्स मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. ज्या काळात स्त्रीला घरातही बोलायची मुभा नव्हती, त्या काळात गिरणीतल्या बाया मैदानात बोलल्या. ही सत्यशोधक शिकवणीची किमया होती. अखेर १० जून १८९० रोजी गिरणी मालक संघाने रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली. त्याच वर्षी नेमलेल्या कमिशनवर लोखंड्यांना मुंबईपुरते सहसभासद म्हणून घेण्यात आले. १८९१ च्या कायद्यात आठवड्याची सुट्टी, दुपारची विश्रांती, स्त्रियांना अकरा तासांची मर्यादा आणि नऊ वर्षांखालील मुलांना बंदी या गोष्टी आल्या. जोतीराव २८ नोव्हेंबर १८९० रोजी गेले. आपल्या शिष्याने मिळवलेला रविवार पाहून गेले.

लोखंड्यांचे काम गिरणीच्या फाटकापाशी संपत नव्हते. विधवांचे केशवपन करणार नाही, असा निर्धार मुंबईच्या नाभिक बांधवांनी १८९० साली सभा घेऊन केला, त्यामागे लोखंडे होते. १८९३ ला मुंबईत हिंदू-मुसलमान दंगल झाली, तेव्हा राणीच्या बागेत दोन्ही समाजांची एकोप्याची सभा भरवणारेही तेच. १८९५ मध्ये सरकारने त्यांना रावबहादूर केले, पण पदवी घेऊन ते घरी बसले नाहीत. १८९६ ला प्लेग आला. पैसेवाले मुंबई सोडून पळाले, गरीब चाळीत राहिला. लोखंड्यांनी मराठा हॉस्पिटल उभे केले, रोग्यांमध्ये वावरले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्याच रोगाने गेले. वय पन्नाशीच्याही आत. महिनाभरात, १० मार्चला, प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीमाई गेल्या. सत्यशोधकांचा धर्म हा असा होता.

आपल्या माणसाचे चरित्र सांगताना आरती ओवाळायची नसते. 'शेतकऱ्याचा असूड'चे पहिले भाग 'दीनबंधू'त छापल्यावर लोखंड्यांनी पुढचे छापायचे थांबवले आणि जोतीराव त्यांच्यावर नाराज झाले. सरकारचा रोष पत्रावर येईल ही धास्ती होती. दुसरी गोष्ट आपल्या दृष्टीने अधिक मोठी. गिरणीच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला मज्जाव होता, कारण धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याचा विटाळ होई. जास्त पगाराचे खाते त्याला बंद. १८८४ च्या मागण्यांत हा प्रश्न नव्हता. तो १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक ठेवला. लोखंड्यांनी कामगाराचा दिवस सोडवला, पण कामगाराची जात बाबासाहेबांना सोडवायला घ्यावी लागली. पुढे बाबासाहेब मजूरमंत्री असताना मांडलेल्या विधेयकातून १९४६ साली बारमाही कारखान्यांचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. एका हाताने दुसऱ्या हातात दिलेली ही मशाल आहे.

आज काय चित्र आहे? २००५ साली लोखंड्यांचे टपाल तिकीट निघाले. परळच्या शासकीय श्रम विज्ञान संस्थेला त्यांचे नाव आहे. आणि आपल्या पट्ट्यात मोहन्याचा एनआरसी कारखाना २००९ ला बंद पडला. युनियन, बोनस, रविवार असलेल्या कायम नोकरीचा काळ ओसरत गेला. त्यांची पोरे आता सुरक्षारक्षक, घरपोच माल देणारे, गोदामातले कंत्राटी हमाल. बारा तासांची पाळी, हातात नेमणूकपत्र नाही, रविवारी घरी राहिले की खाडा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्यांच्या जागी चार कामगार संहिता आल्या. आठवड्यात सहा दिवसांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, हे त्यातही लिहिले आहे. नेमणूकपत्राचा हक्कही लिहिला आहे. पण अंमलबजावणी मागणारा कुणी नसेल तर कायदा कपाटातच राहतो.

तेव्हा लोखंड्यांच्या फोटोला हार घालून थांबू नका. ज्या रविवारी तुम्ही विहारात जमाल, त्या रविवारी वंदनेनंतर अर्धा तास कामगारांसाठी ठेवा. कुणाला नेमणूकपत्र नाही, कुणाचा पगार थकला, कुणाला सुट्टी नाही, यांची वही करा. एकेकटा गेला तर त्याला उद्यापासून येऊ नको म्हणतात. पन्नास सह्यांचा अर्ज गेला तर कल्याणच्या कामगार कार्यालयाला त्याची नोंद घ्यावी लागते. साडेपाच हजार सह्या गोळा करायला लोखंड्यांकडे ना मोबाईल होता ना कायदा. आपल्याकडे दोन्ही आहेत. आणि रविवार आहे, अजून तरी.

जयभीम! जय जोती!